उडीपूर्वीचा हिशेब
पहिल्या टँडम स्कायडायव्हिंगपूर्वी जाणून घ्यावयाच्या गोष्टी

जोखीम हा शब्द व्यापारी घराण्यांना नवा नाही. समुद्रमार्गे माल पाठविण्याच्या काळात ‘जोखमी हुंडी’ नावाचा एक व्यवहार रूढ होता. माल ठरलेल्या ठिकाणी सुखरूप पोहोचला, तरच त्या हुंडीची रक्कम देय होत असे. वाटेत गलबत बुडाले, तर तोटा हुंडी विकत घेणाऱ्याच्या माथी पडे. साहजिकच अशी हुंडी घेणारा सावकार जहाज कोणते, ते नेणारा कोण, ऋतू कोणता, या गोष्टींची आधी चौकशी करी आणि मगच व्यवहाराला हात घाली.

आज त्याच घरांतील तरुण मुले-मुली, आणि कधी कधी पन्नाशी ओलांडलेले दांपत्यही, दुबईच्या सहलीत विमानातून उडी घेण्याचा बेत आखतात. पाम जुमेराह या कृत्रिम बेटाच्या पार्श्वभूमीवर घेतलेली अशी छायाचित्रे नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप समूहांतून फिरत असतात. हरियाणातील नारनौलजवळच्या धावपट्टीमुळे हा अनुभव आता देशातही मिळू लागला आहे. हौस निर्मळ आहे आणि साहसाची ओढ तारुण्याला शोभणारीच आहे. मात्र गोदाम भाड्याने घेताना जेवढे प्रश्न विचारले जातात, तेवढे या उडीपूर्वी बहुधा विचारले जात नाहीत. टँडम उडीत नवशिक्याला आकाशात फारसे काही करावयाचे नसते. त्याच्या वाट्याची जवळजवळ सगळी जबाबदारी विमानात बसण्यापूर्वी, जमिनीवरच पार पाडावयाची असते.

दोघांसाठी एक छत्री

आंद्रे-जाक गार्नरॅं या फ्रेंच साहसवीराने २२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिसमध्ये फुग्यातून उंच जाऊन रेशमी पॅराशूटच्या आधारे खाली येऊन दाखविले. पुढे जवळजवळ दोन शतके पॅराशूटने उतरण्यासाठी त्या विद्येचे शिक्षण घेणे अपरिहार्य होते. १९८३-८४ च्या सुमारास अमेरिकेत बिल बूथ आणि टेड स्ट्राँग यांनी दोन माणसांचा भार पेलणारी पॅराशूट-रचना विकसित केली आणि नवशिक्यालाही पहिल्याच दिवशी उंचावरून उडी घेणे शक्य झाले. हीच टँडम पद्धत होय.

या पद्धतीत नवशिक्याच्या अंगावर पट्ट्यांचा मजबूत साज चढविला जातो. तो साज दोन्ही खांद्यांशी आणि दोन्ही कमरेशी, अशा चार ठिकाणी, प्रशिक्षकाच्या साजाला जोडलेला असतो. मुख्य आणि राखीव अशी दोन्ही पॅराशूट प्रशिक्षकाच्या पाठीवर असतात. त्याखेरीज एक स्वयंचलित यंत्र असते. ठरावीक उंचीच्या खाली आल्यावरही पडण्याचा वेग कमी झालेला नसेल, तर ते यंत्र आपण होऊन राखीव पॅराशूट उघडते.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. पुण्याच्या पद्मश्री शीतल महाजन यांनी २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर आणि २००६ मध्ये दक्षिण ध्रुवावर उडी घेतली; २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी साडी नेसून त्या विमानातून झेपावल्या. त्यांचे कर्तृत्व महाराष्ट्राला भूषणावह आहे. पण तो स्वतंत्रपणे उडी घेणाऱ्या खेळाडूचा मार्ग आहे. टँडम उडी घेणारा हा मुख्यतः प्रवासी असतो. चांगल्या प्रवाशाचे कर्तव्य एवढेच, की ज्याच्यावर भार टाकला आहे त्याला खरी माहिती द्यावी आणि त्याची सूचना तंतोतंत पाळावी.

आकाशात काय घडते

विमान साधारणतः दहा ते तेरा हजार फूट उंचीवर जाते. त्यास पंधरा-वीस मिनिटे लागतात. दर हजार फुटांमागे हवेचे तापमान सुमारे दोन अंश सेल्सिअसने उतरते. म्हणजे खाली तीस अंश असताना वर दार उघडते तेव्हा हवा जेमतेम चार-पाच अंशांची असू शकते. त्या गार वाऱ्याचा आणि आवाजाचा धक्काच अनेकांना पहिल्यांदा जाणवतो.

उंच पाळण्यातून खाली येताना पोटात जसा गोळा येतो, तसा येथे येईल अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात विमान आधीच वेगाने पुढे जात असल्यामुळे उडी घेणाऱ्याला लगेच समोरून वाऱ्याचा आधार मिळतो आणि ती पोकळ भावना फारशी येत नाही. एकटा माणूस पोटावर आडवा राहून पडतो, तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे दोनशे किलोमीटर होतो. दोघांचे वजन एकत्र आले की तो पुष्कळच वाढेल. म्हणून प्रशिक्षक बाहेर पडताच एक लहानसे छत्र मागे सोडतो आणि वेग पुन्हा दोनशेच्या आसपास आणतो. हे मुक्त पतन उंचीप्रमाणे साधारणतः अर्धा ते एक मिनिट चालते. एवढ्या वाऱ्यात श्वास घेता येणार नाही ही भीतीही निराधार आहे. श्वास घेता येतो. भीतीने तो रोखून धरला जातो, एवढेच. नाकाने संथपणे श्वास घेण्याची आठवण स्वतःला देत राहावी.

सुमारे पाच हजार फुटांवर मुख्य पॅराशूट उघडते. एक हिसका बसतो आणि मग एकाएकी विलक्षण शांतता पसरते. पुढील पाचेक मिनिटे दोघे तरंगत खाली येतात. याच वेळी काहींना मळमळते. गाडीच्या प्रवासात ज्यांना त्रास होतो, त्यांनी गिरक्या न घेण्याची विनंती प्रशिक्षकाला आधीच करून ठेवावी.

दुखापती बहुधा उतरताना होतात. म्हणून जमिनीवर शिकविलेल्या दोन गोष्टी पक्क्या कराव्यात. बाहेर पडताना हात छातीवरच्या पट्ट्यांना धरावेत, मान मागे टेकवावी आणि कंबर पुढे काढून शरीर धनुष्यासारखे वाकवावे. उतरताना दोन्ही पाय गुडघ्यांतून सरळ करून वर उचलून धरावेत. घाबरून पाय खाली सोडले, की घोट्यावर दोघांचा भार येण्याचा धोका असतो. घरी खुर्चीवर बसून पाय उचलून धरण्याचा सराव चार दिवस केला, तरी त्याचा उपयोग होतो.

तराजूपुढे आणि तब्येतीपुढे संकोच नको

प्रत्येक केंद्राची वजनाची मर्यादा ठरलेली असते. साधारणतः ती नव्वद ते शंभर किलोच्या आसपास असून काही ठिकाणी उंची आणि वजन यांचे प्रमाणही पाहिले जाते. ही मर्यादा पट्ट्यांची क्षमता, पॅराशूटचा आकार आणि उतरण्याचा वेग यांच्याशी बांधलेली आहे. नोंदणी करताना पाच-सात किलो कमी सांगणे म्हणजे प्रशिक्षकाच्या हाती खोटे माप देणे होय. मापात खोट करू नये हा संस्कार ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या जपला जातो, त्यांना हे अधिक सांगावयास नको.

तीच गोष्ट प्रकृतीची. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, अपस्मार, मान वा पाठीचे जुने दुखणे, निखळलेला खांदा, अलीकडील शस्त्रक्रिया यांपैकी काहीही असल्यास आधी डॉक्टरांचे स्पष्ट मत घ्यावे. मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्यांनीही तसेच करावे. गर्भवतींनी उडी घेऊ नये. सर्दीने नाक चोंदले असेल, तर झपाट्याने खाली येताना कानांत असह्य कळा येऊ शकतात. तेव्हा बेत पुढे ढकलावा. त्याच सहलीत स्कूबा डायव्हिंग केले असेल, तर विमानात उंच जाण्यापूर्वी किमान एक पूर्ण दिवस जाऊ द्यावा.

भरलेले पैसे वाया जातील म्हणून रक्तदाबाची गोळी लपविली जाते, हे या खेळातील सर्वांत महाग पडू शकणारे मौन आहे. नवशिका एकटा उडी घेत नसतो. आकाशात अवघड प्रसंग उद्‌भवला, तर त्या अपुऱ्या माहितीची किंमत प्रशिक्षकालाही मोजावी लागते.

केंद्राची पारख आणि कागदावरील सही

केंद्र निवडताना सवलतीकडे शेवटी पाहावे. प्रशिक्षकाकडे टँडमचा स्वतंत्र परवाना आहे काय, त्याच्या किती उड्या झाल्या आहेत, राखीव पॅराशूटची तपासणी आणि घडी केव्हा झाली, स्वयंचलित यंत्र बसविलेले आहे काय, हे निःसंकोच विचारावे. तुलनेसाठी अमेरिकेतील निकष ठाऊक असावेत. तेथे टँडम प्रशिक्षकाला किमान पाचशे उड्या आणि तीन वर्षांचा अनुभव लागतो. राखीव पॅराशूट दर १८० दिवसांनी परवानाधारक तज्ज्ञाकडून पुन्हा तपासून घ्यावे लागते. चांगले केंद्र अशा प्रश्नांनी रागावत नाही.

अमेरिकेतील पॅराशूट संघटनेच्या हिशेबाप्रमाणे तेथे साधारण पाच लाख टँडम उड्यांमागे एका नवशिक्याचा मृत्यू होतो. हे प्रमाण दिलासा देणारे आहे. परंतु ते त्या देशातील शिस्तीचे फळ आहे. कोणत्याही केंद्राला ते आपोआप लागू होत नाही.

उडीपूर्वी एक करारपत्र पुढे येते. अपघात झाल्यास केंद्राला जबाबदार धरणार नाही, अशा आशयाची कलमे त्यात असतात. भागीदारीच्या करारातील प्रत्येक ओळ वाचणारा माणूस येथे मात्र रांगेत उभा राहून, गप्पांच्या ओघात सही करतो. ते पत्र आधी मागवून घ्यावे आणि घरी शांतपणे वाचावे. हवामानामुळे उडी रद्द झाली तर पैसे परत मिळतात की नवी तारीख मिळते, हेही त्याच वेळी पाहावे. प्रवास विम्यात आणि अपघात विम्यात साहसी खेळ अनेकदा वगळलेले असतात. आपल्या पत्रकात ते समाविष्ट आहेत काय, याची विमा कंपनीकडून लेखी खात्री करून घ्यावी. घरातील कर्त्या माणसाने तर हे काम अजिबात टाळू नये.

उडीच्या दिवशी

वारा आणि ढग यांपुढे कोणाचेही चालत नाही. तासन्‌तास थांबावे लागते, प्रसंगी परतही यावे लागते. म्हणून उडी सहलीच्या शेवटच्या दिवशी ठेवू नये. बंद बूट आणि अंगाबरोबरची सुती वस्त्रे घालावीत. बांगड्या, अंगठ्या, मंगळसूत्र, कर्णभूषणे घरीच ठेवावीत. लांब केसांची घट्ट वेणी घालावी. चष्मा असल्यास त्यावर बसणारा मोठा गॉगल मागून घ्यावा.

रिकाम्या पोटी जाऊ नये. तडस लागेपर्यंत खाऊही नये. इडली, पोहे किंवा खाकरा असा हलका आहार पुरेसा होतो. चउविहार करणाऱ्यांनी सूर्यास्तानंतर पाणीही घेतलेले नसते. त्यांनी पहाटेची वेळ न निवडता नवकारशीनंतर थोडे खाऊन-पिऊन निघता येईल अशी वेळ घ्यावी. उपवासाच्या वा पारण्याच्या दिवशी उडीचा बेत करू नये.

नकाराचा अधिकार

वाढदिवसाची भेट म्हणून उडीचे कूपन देण्याची पद्धत आता रुळू लागली आहे. भेट देणाऱ्याचा हेतू प्रेमाचा असतो, तरी होकार ज्याच्या शरीराने उडी घ्यावयाची त्याचाच असावा. मित्रांच्या थट्टेमुळे, जोडीदाराच्या आग्रहामुळे किंवा ‘आता पैसे भरलेच आहेत’ या विचाराने दिलेला होकार हा खरा होकार नव्हे. बुडालेली रक्कम वाचविण्यासाठी आणखी मोठी रक्कम पणाला लावणे शहाणपणाचे नसते, हे व्यापारात सर्वांना कळते. ते येथेही तितकेच खरे आहे.

मन कचरत असेल, तर विमानातही प्रशिक्षकाला तसे स्पष्ट सांगता येते आणि त्याच विमानाने परतता येते. मात्र हा निर्णय दाराशी पोहोचण्यापूर्वी व्हावा. ऐन बाहेर पडताना दाराची कड पकडणे दोघांच्याही जिवाला घातक ठरू शकते. परतणाऱ्याकडे घरच्यांनीही कौतुकानेच पाहावे. त्याने स्वतःशी प्रामाणिक राहण्याचे धैर्य दाखविलेले असते.

आणि घरी सांगूनच निघावे. आई-वडिलांना काळजी नको म्हणून लपविलेली उडी त्यांना चित्रफितीतून कळते, तेव्हा आनंदाआधी दुखावलेपण येते. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला निर्णयाचा अधिकार आहे. त्या अधिकाराबरोबर समजावून सांगण्याचे कर्तव्यही येते. चौकशी करून, खरे वजन आणि खरी प्रकृती सांगून, कागद वाचून, घरच्यांच्या प्रश्नांना उत्तरे देऊन जो दाराशी उभा राहतो, त्याची भीती पूर्णपणे नाहीशी होत नाही. परंतु ती भीती मग अज्ञानाची उरत नाही, आणि त्या एका मिनिटाचा आनंद त्याला मोकळ्या मनाने घेता येतो.