बंदरावर विसंबलेले बेट : मॉरिशसची आयात

हिंदी महासागरातील मॉरिशस या देशाचे मुख्य बेट जेमतेम १,८६५ चौरस किलोमीटरांचे, म्हणजे बृहन्मुंबईच्या सुमारे तिप्पट. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात. येथील शेतजमिनीचा मोठा भाग पिढ्यान्‌पिढ्या उसाखाली राहिला. त्यामुळे तांदूळ, गहू, इंधन, औषधे व यंत्रे यांसाठी देशाला बाहेर पाहावे लागते. अन्नाची सुमारे तीन-चतुर्थांश गरज आयातीनेच भागते.

हा माल मुख्यत्वे समुद्रमार्गे येतो. वजनाने पाहता परदेश व्यापारातील सुमारे ९९ टक्के मालाची ने-आण राजधानी पोर्ट लुईच्या एकाच बंदरातून होते. न्हावा शेव्याहून हे बंदर सुमारे अडीच हजार सागरी मैलांवर आहे. वीस फुटी कंटेनरमध्ये सुमारे ३३ घनमीटर माल मावतो. लहान व्यापाऱ्याला एवढी जागा नको असेल, तर तो इतरांबरोबर कंटेनरचा वाटा घेतो.

विमानाने मुंबईचा माल आग्नेय किनाऱ्याजवळील प्लेझान्स येथील विमानतळावर काही तासांत पोहोचतो. मात्र भाडे भारी. शिवाय विमानभाड्याचा हिशेब केवळ वजनावर नसतो. साधारणतः एका घनमीटरास किमान १६७ किलो वजन धरले जाते. कापसाच्या उशा पाठवणाऱ्याला म्हणूनच रिकाम्या जागेचेही पैसे मोजावे लागतात. तातडीची औषधे किंवा बंद पडलेल्या यंत्राचा सुटा भाग यांना हा खर्च परवडतो. तांदळाच्या पोत्याला परवडत नाही.

जहाज धक्क्याला लागले म्हणजे माल हाती आला, असे नव्हे. समुद्री मालाचे बिल ऑफ लेडिंग हे मालकीचेच पत्र असल्याने मूळ प्रत वेळेवर न मिळाल्यास माल अडकतो व धक्क्यावरील जागेचे भाडे चढत राहते. सीमाशुल्काचे मूल्य ठरते ते मालाची किंमत, विमा आणि वाहतूक भाडे यांची बेरीज करून. करपात्र मालावरील जकात व १५ टक्के मूल्यवर्धित कर अशा रीतीने भाड्यावरही बसतो. २०२१ मध्ये जगभर जहाजभाडी कडाडली, तेव्हा अशा मालाच्या ग्राहकावर दुहेरी भार पडला.

खरी चिंता वेगळीच आहे. नोव्हेंबर ते एप्रिल हा येथील चक्रीवादळांचा हंगाम. वादळ जवळ आले, की बंदरातील जहाजे खुल्या समुद्रात काढावी लागतात व विमानतळही बंद होतो. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळाच्या वेळी विमानसेवा थांबली आणि पोर्ट लुईच्या रस्त्यांत पुराचे पाणी शिरले. अशा वेळी दोन्ही वाटा एकदमच मिटतात. गोदामात जे असेल त्यावरच दिवस काढायचे.

अडथळा नेहमी आकाशातूनच येतो असेही नाही. भारताने जुलै २०२३ मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाच्या आणि डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. पुढे मॉरिशससाठी १४,००० टन तांदूळ व १,२०० टन कांदा पाठविण्याची खास परवानगी दिली गेली. नाशिक जिल्ह्याच्या हिशेबात हा कांदा किरकोळच. परंतु ज्यांचे पूर्वज कोकणातून मुंबई बंदरामार्गे ऊसमळ्यांवर मजुरीस गेले, त्या मराठी कुटुंबांसह साऱ्या बेटाच्या स्वयंपाकघराचा प्रश्न त्यात गुंतला होता.

पोर्ट लुईपाशीही सर्व मालाचा प्रवास संपत नाही. पूर्वेस सुमारे ५६० किलोमीटरांवरील रॉड्रिग्ज हे बेट मॉरिशसचाच भाग आहे. तेथील रहिवाशांसाठी आलेली पोती पुन्हा दुसऱ्या जहाजात चढवली जातात आणि सुमारे दीड दिवसाने पोर्ट माथुरिनच्या धक्क्यावर उतरतात.