द्राक्षांच्या गावाला येताय? मग हे टाळा!

पूर्वी नाशिकला आलेले पाहुणे रामकुंड, काळाराम, त्र्यंबकेश्वर करायचे आणि जाताना चिवड्याची पिशवी घेऊन परतायचे. 2001 साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. गंगापूर धरणाच्या परिसरात, दिंडोरी-निफाडकडे वायनऱ्या वाढल्या, आणि आता मुंबई-पुण्याच्या नणंदा-भावजया "वहिनी, वायनरी दाखवा ना!" म्हणतच घरात शिरतात. त्यांना मी जे सांगते, तेच मैत्रिणींनो, तुम्हालाही सांगते.

मे महिन्यात येऊ नका

मुलांच्या सुट्टीचा सोयीचा महिना, पण बागेत तेव्हा एक घड दिसायचा नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी. लगडलेली बाग बघायची तर जानेवारी ते मार्च. त्यातही शनिवार-रविवार टाळता आला तर उत्तम. आणि 26 व 30 जानेवारी हे 'ड्राय डे'. जोडून सुट्टी आली म्हणून लोक हौसेने येतात आणि चव न घेताच परततात.

बाग म्हणजे सार्वजनिक उद्यान नव्हे

वायनरी दाखवते तेवढी बाग पाहावी. रस्त्याकडेच्या बागा शेतकऱ्यांच्या; वर्षाचं कर्ज, मुलीचं लग्न, सारं त्या घडांवर. फोटोसाठी वेलीखाली शिरलं की ठिबकच्या नळ्या तुडवल्या जातात. मण्यांवर पांढरट लव असते, ती बोटांनी पुसली गेली की माल हाताळलेला दिसतो आणि भाव उतरतो. शिवाय फवारणी कधी झाली, हे आपल्याला काय ठाऊक? तोडून तोंडात टाकू नका, मुलांनाही टाकू देऊ नका. वाइनची द्राक्षं तशीही बारीक, जाड सालीची आणि बियांची असतात.

फळछाटणीच्या दिवसांत तर काड्यांना हातच लावू नये. डोळे फुटावेत म्हणून त्यांना जे औषध लावतात, ते अंगात गेलं आणि वर मद्य घेतलं, तर चेहरा लाल होणं, धडधड, श्वास कोंडणं असा त्रास होतो. म्हणून ते लावणाऱ्या मजुरांनाही त्या दिवसांत दारू वर्ज्य असते.

आधी मिसळ नको

नाशिकची मिसळ खाल्ल्याशिवाय जाऊ नयेच, पण ती नंतर. तिखट रश्श्याने जीभ भाजली की वाइनची चव काय कळणार? मात्र रिकाम्या पोटीही जाऊ नका; घरून पोळी-भाजी खाऊन निघा. भरपूर अत्तर लावलेलं असलं, तरी वास नीट कळत नाही.

चव घेऊन थुंकायला भांडं ठेवलेलं असतं. ते वापरण्यात असभ्य काही नाही. आणि घ्यायचीच नसेल, तर "एक घोट घे गं" म्हणणाऱ्यांना हसून नाही म्हणा. बाग बघायला, द्राक्षरस प्यायला कुणाची ना नाही. 21 वर्षांखालच्या मुलांना मात्र गंमत म्हणूनही घोट देऊ नये.

"दोनच घोट घेतलेत" ऐकू नका

हे सगळ्यात महत्त्वाचं. थोडी थोडी करत चार-सहा प्रकारांची चव घेतली, की मिळून बरीच होते. परतीचे रस्ते अरुंद. हंगामात त्यांवर मालाचे ट्रॅक्टर आणि कामावरून पायी परतणाऱ्या बायका असतात. गाडी कोण चालवणार हे घरून निघतानाच ठरवा आणि किल्ली त्याच्याकडे द्या. तसं कुणी नसेल तर भाड्याची गाडी करा. पिऊन चालवताना पहिल्यांदा सापडलं, तरी 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण दंडापेक्षा त्या पायी चालणाऱ्या बायकांचा विचार करा. चव घेऊन धरणाच्या पाण्यातही उतरू नका.

बाटली डिकीत ठेवू नका

घेतलेली बाटली उन्हात उभ्या गाडीत तापली की वाइन बिघडते. खरेदी अगदी शेवटी करा. घरी बुचाची बाटली आडवी, अंधाऱ्या, थंड जागी ठेवा. फिरकीच्या झाकणाची उभी चालते. गॅसजवळच्या फडताळात मात्र कुठलीच नको.

घरी न्यायला द्राक्षं हवी असतील, तर ती बाजारातून घ्या आणि भरपूर पाण्याने दोन-तीनदा धुऊन मगच मुलांपुढे ठेवा.