जैसलमेरच्या वेशीबाहेरचे रस्ते

जैसलमेरच्या किल्ल्याला ९९ बुरूज आहेत. त्यांतील एखाद्यावरून खाली पाहिले, की पिवळ्या दगडाच्या घरांपलीकडे गावातून बाहेर पडणारे रस्ते दूरवर दिसतात. पूर्वेचा पोकरणकडे जातो, दक्षिणेचा बाडमेरकडे, पश्चिमेचा समच्या वाळूच्या टेकड्यांकडे आणि वायव्येचा रामगढवरून तनोटकडे. पूर्वी पठाणकोटहून कच्छच्या सामखियाळीपर्यंत जाणारा १५ क्रमांकाचा महामार्ग येथूनच जात असे. २०१०च्या नव्या क्रमांकांनुसार आता पोकरणचा रस्ता ११ आणि बाडमेरचा ६८ झाला आहे.

हे नगर शेतीवर कधीच जगले नाही, ते वाटांवर जगले. रावळ जैसल याने ११५६ मध्ये लोद्रव्याहून राजधानी येथे हलवली. सिंध-मुलतानकडून येणारे उंटांचे तांडे येथे थांबत, जकात भरत आणि पुढे जात. त्या व्यापारातूनच पटवांच्या हवेल्या उभ्या राहिल्या. पुढे मुंबई बंदराकडे माल वळला आणि वाळूतील वाटा ओस पडू लागल्या. १९४७ नंतर तर सिंधकडची वाट सीमेवरच संपली. आज तनोटकडे जे उत्तम डांबरी रस्ते दिसतात, त्यांवर सैन्याच्या गाड्या, पर्यटकांच्या मोटारी आणि पवनचक्क्यांची अजस्र पाती वाहून नेणारे ट्रेलर धावतात.

याच वाटांवर आपल्या समाजाचा मोठा ठेवा आहे. वायव्येला सुमारे १५ किलोमीटरवर लोद्रवा लागते. उजाड झालेल्या त्या जुन्या राजधानीत श्रेष्ठी थारुशाह भणसाळी यांनी वि. सं. १६७५ मध्ये पार्श्वनाथाच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. राजा निघून गेला, बाजार उठला, तरी श्रावकाला तेथील देव सोडवला नाही, हे मला फार मोलाचे वाटते. त्याच दिशेला, गावापासून जवळच, अमरसागरच्या काठी पटवा हिंमतराम बाफणा यांनी बांधलेले मंदिर आहे.

किल्ल्यातील जिनभद्रसूरी ज्ञानभंडार वाचले, त्यालाही या नगराचे दूरपण थोडेफार कारणीभूत आहे. १८७४ मध्ये मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यातील जॉर्ज ब्यूलर येथील पोथ्या पाहण्यासाठी आले, तेव्हा त्यांच्यासोबत अवघ्या तेवीस-चोवीस वर्षांचे हर्मान याकोबी होते. पुढे याच याकोबींनी आचारांग आणि कल्पसूत्र इंग्रजीत नेले. आणि १९५० मध्ये मुनिश्री पुण्यविजयजी महाराज आले ते गुजरातहून पायी. येथे दीर्घकाळ राहून त्यांनी ताडपत्रांची पाने जुळवली, सूची केली, पोथ्या सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था लावली.

पायी येणारे साधु-साध्वी आजही येतात. रस्ता मात्र त्यांच्यासाठी राहिलेला नाही. दुरून पाहणाऱ्याला वाटते, एवढे मोकळे वाळवंट आहे, मग महाराजसाहेब डांबरावरून का चालतात? कडेने का जात नाहीत? कडेच्या वाळूत भुरट नावाचे गवत माजते. त्याची काटेरी बोंडे अनवाणी पायात रुततात आणि निघता निघत नाहीत. शिवाय त्या गवतात, वाळूत असंख्य जीव असतात. चार हात पुढची जमीन न्याहाळून, जीव वाचवत पाऊल टाकावे, ही ईर्यासमिती. ती पाळायची तर स्वच्छ डांबर बरे, आणि डांबरावर तर शंभराच्या वेगाने ट्रेलर येतात. उन्हाळ्यात ते डांबर इतके तापते, की सकाळी दहानंतर त्यावर पाय ठेवणे कठीण होते.

जैसलमेर ते बाडमेर हे अंतर साधारण १५५ किलोमीटर. रोज १२-१५ किलोमीटरच्या विहाराने दहा-बारा मुक्काम होतात. बालोतऱ्याजवळच्या नाकोडा तीर्थाला जायचे तर आणखी काही. या वाटेवर श्रावकांची घरे विरळ. गोचरी मिळायची कोठून? साधूंसाठी मुद्दाम रांधलेले अन्न त्यांना चालत नाही. त्यामुळे गाडीत डबे भरून पाठवले की प्रश्न सुटला, असे मानणारे भक्त सेवाच करत असतात. परंतु मर्यादा मोडत असतात, हेही नम्रपणे सांगायला हवे.

आणखी एक गोष्ट मुंबई-पुण्याकडील वाचकांच्या सहसा ध्यानात येत नाही. जैसलमेर देशाच्या पश्चिम टोकाशी असल्याने तेथे सूर्य घड्याळाच्या मानाने उशिरा उगवतो. डिसेंबर-जानेवारीत तर सव्वासातनंतर. चातुर्मास संपवून विहार सुरू होतो तो याच दिवसांत. पहाटे साडेपाचला निघालेला साध्वीवृंद दीड-दोन तास अंधारातच चालतो. पांढरी वस्त्रे चालकाला दुरून दिसतील, ही समजूत खोटी आहे. समोरच्या गाडीच्या दिव्यांनी डोळे दिपले, की काहीच दिसत नाही. काही ठिकाणी तरुण श्रावक चमकदार पट्ट्यांची जाकिटे घालून पुढे-मागे चालतात, ती सोय उत्तमच.

तरीही अंधारात निघण्याची घाई अनेकदा आपणच लावतो. पुढच्या गावात सकाळी आठला नगरप्रवेश ठेवायचा, बँड सांगायचा, नवकारशीचे निमंत्रण छापायचे. मग महाराजसाहेबांनी १४ किलोमीटर कधी चालावेत? पत्रिका छापण्यापूर्वी संघाच्या कार्यकर्त्यांनी त्या दिवसाचा सूर्योदय पाहावा, अंतर पाहावे, आणि प्रवेशाची वेळ अकरा किंवा दुसऱ्या दिवसावर न्यावी.