वार्ताहराला वर्षभर विद्यापीठात बसवा

2018 साली परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या सोबतीने ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण आणला. लोह आणि जस्त मुद्दाम वाढवलेला देशातला हा पहिला ज्वारी वाण. नेहमीच्या ज्वारीत दहा लाख भागांत सुमारे 30 भाग लोह असतं, यात सुमारे 45. म्हणजे 100 ग्रॅम पिठामागे तीनऐवजी साडेचार मिलिग्रॅम. प्रसिद्धिपत्रक हाती आलं की एवढी बातमी दहा मिनिटांत होते.

खरी बातमी त्यापुढे आहे. धान्यातलं लोह सगळंच अंगी लागत नाही, फायटेट नावाचा घटक बरंचसं धरून ठेवतो. मग या वाढीव दीड मिलिग्रॅममधलं रक्तात किती पोचतं? मालदांडी ज्वारीच्या भाकरीला सोकावलेली जीभ ही भाकर गोड मानून घेईल का? पण हे विचारायला बसावं, तर तालुक्याच्या वार्ताहराला त्याच दिवशी पीकविम्याचं आंदोलन, एक अपघात आणि आमदारांचा दौरा उरकायचा असतो. पावसाच्या बातम्यांचंही तेच. ‘सरासरीच्या 104 टक्के’ हा अंदाज अख्ख्या देशाचा असतो, जिंतूर-पाथरीचा नव्हे. शिवाय 96 ते 104 म्हणजे हवामान खात्याच्या हिशेबी सर्वसाधारणच पाऊस. हे सांगायचं राहतं आणि पेरणी फसली की शिव्या हवामान खात्याला.

अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने यावर एक तोडगा काढला. 1980च्या दशकात व्हिक्टर मॅकेल्हेनी या विज्ञान वार्ताहराने तिथे विज्ञान पत्रकारांसाठी पाठ्यवृत्ती उभी केली. पुढे नाइट फाउंडेशनची मोठी देणगी मिळाली आणि त्या फाउंडेशनचंच नाव योजनेला लागलं. दरवर्षी दहाएक पत्रकार निवडायचे, शैक्षणिक वर्षभर त्यांच्या पोटापाण्याची सोय करायची आणि कोणत्याही वर्गात, प्रयोगशाळेत जाऊन बसायची मोकळीक द्यायची. परीक्षा नाही, पदवी नाही.

अशा योजनेचा प्रमुख करतो तरी काय? माणसं निवडतो, पैसा उभा करतो, प्राध्यापकांची दारं उघडून देतो. पण सगळ्यात अवघड काम म्हणजे विद्यापीठाचा हात पत्रकाराच्या लेखणीपर्यंत पोचू न देणं. 2015 पासून दहा वर्षं ही जबाबदारी पुलित्झर पुरस्कार मिळवलेल्या डेबोरा ब्लम यांच्याकडे होती. विष आणि अन्नभेसळ हे त्यांच्या पुस्तकांचे विषय. त्यांच्याच काळात, 2016 मध्ये, तिथून ‘अनडार्क’ हे नियतकालिक निघालं. हे नाव आहे रेडियम घातलेल्या एका चमकत्या रंगाचं. तो घड्याळांच्या तबकड्यांना लावता लावता कारखान्यातल्या मुली आजारी पडल्या, काही दगावल्या. विज्ञानाच्या घरात बसून विज्ञानाचीच काळी बाजू कपाळावर मिरवायला छाती लागते.

आपल्याकडे सामग्रीची वानवा नाही. 1972 साली स्थापन झालेल्या परभणीच्या विद्यापीठाकडे शास्त्रज्ञ आहेत, प्रक्षेत्रं आहेत, गावोगाव पोचणारी कृषी हवामान सल्ल्याची यंत्रणा आहे. ‘शेतीभाती’ मासिकही आहे. पण ही सगळी विद्यापीठाची स्वतःची वाणी झाली. बाहेरच्या माणसाने आत बसून शिकावं आणि बाहेर जाऊन मोकळेपणी लिहावं, ही सोय वेगळी. गुलाबी बोंडअळीने 2017 मध्ये बीटी कापूस पोखरला, तेव्हा ‘अळी बीटीला दाद का देईना’ हे शेतकऱ्याच्या भाषेत सांगणारे दोन-चार वार्ताहर जरी तयार असते, तरी बराच गोंधळ टळला असता.

कुलगुरूंनी एमआयटीएवढा पसारा मांडायची गरज नाही. मराठवाड्यातले दोन वार्ताहर घ्यावेत, मृगापासून रब्बीच्या काढणीपर्यंत. मानधनाचा पैसा बाहेरून, एखाद्या न्यासाकडून उभा करावा. योजनेचा प्रमुख जनसंपर्क कार्यालयातला नसावा, मुरलेला पत्रकार असावा. आणि एक अट पहिल्याच दिवशी लेखी घालावी: छापण्याआधी मजकूर विद्यापीठातलं कोणीही वाचणार नाही. ही अट मान्य नसेल, तर योजना सुरूच करू नये.