अस्थिमज्जा-रोपणानंतरचे सरक्त मूत्र

भारतातील पहिले अस्थिमज्जा-रोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. आज खारघरच्या ॲक्ट्रेकमध्येही मूळपेशींचे रोपण होते. उल्हासनगरच्या सिंधी समाजात थॅलेसेमिया अधिक आढळतो, रक्ताचे कर्करोग तर सर्वत्रच आहेत. तेव्हा रोपण होऊन घरी परतलेला रुग्ण अंबरनाथ-बदलापूरच्या वैद्याकडे किंवा औषधालयात येणे अशक्य नाही. ‘लघवीला जळजळ होते, लाल होते’ असे तो सांगू लागला की पित्तज मूत्रकृच्छ्राचे चरकोक्त चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. लक्षणे तीच, हेतू मात्र निराळा.

रोपणानंतर पहिल्या काही दिवसांतील रक्तस्राव बहुधा सायक्लोफॉस्फामाइडमुळे होतो. त्यापासून शरीरात बनणारे ॲक्रोलिन बस्तीचे अस्तर जाळते. ते टाळण्यासाठी मेस्ना देतात. नंतरच्या आठवड्यांत होणाऱ्या स्रावामागे बहुतेकदा बीके विषाणू असतो, क्वचित ॲडेनोव्हायरस. १९७१ साली वृक्करोपण झालेल्या एका रुग्णाच्या मूत्रात तो प्रथम सापडला आणि त्या रुग्णाच्या आद्याक्षरांवरूनच त्याला नाव मिळाले. बहुतेकांना त्याचा संसर्ग बालपणीच नकळत होतो. पुढे तो वृक्क व मूत्रमार्गात निद्रिस्त राहतो आणि टी-पेशींचा पहारा उठला की वाढतो. म्हणूनच कल्चरमध्ये जंतू दिसत नाहीत, प्रतिजैविकांनी उतार पडत नाही. निदान पीसीआरने होते. रक्ताच्या गाठींनी मार्ग अडला तर मूत्राघात ओढवतो. द्रव, प्लेटलेट, बस्तिप्रक्षालन आणि प्रतिकार दडपणाऱ्या औषधांचे फेरनियोजन हीच मुख्य चिकित्सा. सिडोफोव्हिर काही ठिकाणी वापरतात, पण ते वृक्काला घातक ठरू शकते.

अशा वेळी चंद्रप्रभा देण्याचा मोह होतो. तीत त्रिकटू आहे, आणि मरिच-पिप्पलीतील पायपरिन सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस यांची रक्तातील पातळी बदलू शकते. गुळवेलीचे रसायनही नको. दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावर उलटू नये म्हणून जी शक्ती मुद्दाम दडपली आहे, तीच आपण जागवायची काय? २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेलीशी संबंधित यकृतविकार नोंदविले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला; पण तो वाद रोपण झालेल्या रुग्णावर प्रयोग करून सोडवण्याचा नव्हे. कच्च्या चूर्णांतील बुरशी ही आणखी एक भीती.

औषधालयाच्या मालकांनी मूत्रविकाराचे औषध देण्यापूर्वी ‘रोपण झाले आहे का, कोणत्या गोळ्या चालू आहेत?’ एवढे विचारावे. उत्तर होकारार्थी आले तर औषध न देता त्याच दिवशी रोपणकेंद्राला दूरध्वनी करवावा. ज्वर असेल, गाठी पडत असतील वा मूत्र अडले असेल, तर ठाण्याला गाडी बदलून खारघर गाठण्याइतका वेळ नसतो. केंद्राशी बोलत-बोलतच रुग्णाला जवळच्या सुसज्ज रुग्णालयात हलवावे.