गोळीच्या आधीचा नमुना

20 फेब्रुवारी 2024. लोणार तालुक्यातल्या सोमठाण्यात हरिनाम सप्ताह, एकादशीची भगर-आमटी आणि मग शेकडो माणसं उलट्या-जुलाबांनी बेजार. बिबीच्या ग्रामीण रुग्णालयात खाटा पुरेनात, म्हणून बाहेर उघड्यावर दोऱ्या बांधून सलाईनच्या बाटल्या लटकवलेल्या. तो फोटो डोक्यातून जाईना. अशा वेळी दोषी जिवाणू शोधतात कसा, ते बघायला मेहकरातल्या एका लॅबमध्ये जाऊन बसलो.

तंत्रज्ञ तिशीतला. लग्नाच्या पंगतीत जेवून जुलाब लागलेल्या बाईंना त्याचा पहिला प्रश्न, "मावशी, गोळी घेतली का आधी?"

"घेतली ना बापा, रात्रीच."

"वांग्याची भाजी उरली का थोडी?"

"भांडी तर सकाळीच घासली."

त्याचा चेहरा उतरला. अँटिबायोटिक पोटात गेलं की नमुन्यातून जिवाणू वाढण्याची आशा कमी. तरी त्याने कापसाची काडी नमुन्यात फिरवली, नळीतल्या फिकट, थलथलीत माध्यमात खुपसली, टोक मोडलं, झाकण आवळलं, वेळ लिहिली. फिनाईललाही न जुमानणाऱ्या त्या आंबूस वासाने मी दाराकडे सरकलो. त्याची नजर काडीवरून हलली नाही.

पुढचं काम मोठ्या प्रयोगशाळेचं: जिवाणू वाढवायचा, डीएनए काढायचा, यंत्रावर वाचायचा. "साल्मोनेला जिवाणूच्या डीएनएत 48 लाख अक्षरं असतात, साहेब." रुग्णाच्या आणि अन्नातल्या जिवाणूत त्या 48 लाखांपैकी दोन-चारच वेगळी निघाली, तर दोन्ही बहुधा एकाच मुळातले. जुन्या तपासण्या जात सांगायच्या, ही घराणं सांगते.

पण घराणं कळलं म्हणजे पत्ता लागला असं नाही. 2011 मध्ये जर्मनीत ई. कोलाय जिवाणूच्या साथीने पन्नासच्या वर बळी घेतले. त्या जिवाणूचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, काही दिवसांत वाचून झाला. साथीचं मूळ ठरलेल्या मोड आलेल्या मेथीचं बियाणं इजिप्तहून आल्याचा माग मात्र लागला तो हॉटेलांतल्या जेवणाच्या नोंदी आणि व्यापाऱ्यांच्या कागदपत्रांवरून.

म्हणून यंत्राचं कौतुक मला बेतानंच वाटतं. 48 लाख अक्षरं वाचायची सोय वाढेल तेव्हा वाढो. तोवर पंगतीतल्या प्रत्येक पदार्थाची वाटीभर फ्रिजमध्ये राखायची आणि गोळीआधी नमुना द्यायची सवय लागू दे. पातेलं घासून पालथं घातल्यावर रुग्णाच्या जिवाणूशी ताडून बघायला उरतं काय?