कृषी पदवीसाठी अर्ज किती ठिकाणी करावेत?

खरिपाच्या तोंडावर गावोगावी होणाऱ्या बैठकांत बियाणे, बीजप्रक्रिया आणि हुमणी यांवरील चर्चा आटोपली की एक प्रश्न हमखास पुढे येतो. मुलगा किंवा मुलगी बारावी उत्तीर्ण झाली आहे, कृषी पदवीला जायचे आहे; अर्ज किती महाविद्यालयांत करावेत? विचारणाऱ्या पालकाला एखादा आकडा हवा असतो. उत्तर देणारा विस्तार कार्यकर्ता, आपल्या माथी दोष नको म्हणून, ‘होतील तितके करा’ असे सांगून मोकळा होतो. हे उत्तर वरकरणी निरुपद्रवी वाटते. प्रत्यक्षात ते कीड न पाहता केलेल्या फवारणीच्या जातीचे आहे : खर्च होतो, मनाला समाधान लाभते आणि मूळ धोका होता तिथेच राहतो.

हा धोका कुठे असतो, हे समजण्यासाठी कीड सर्वेक्षणातील एक साधा नियम आठवावा. कपाशीच्या शेतात २० झाडे तपासायची असतील, तर ती शेतभर नागमोडी चालत, वेगवेगळ्या ठिकाणची निवडावी लागतात. बांधालगतच्या एकाच कोपऱ्यातील २० झाडे पाहिली, तर नोंदवहीत आकडा २० पडतो. माहिती मात्र एका कोपऱ्याचीच मिळते. त्या कोपऱ्यात मावा असेल तर सगळीच झाडे माव्याची, नसेल तर सगळीच निरोगी. अर्जांचेही तसेच आहे. दहा महाविद्यालयांचे भवितव्य एकाच परीक्षेतील एकाच गुणांवर टांगलेले असेल, तर ते दहा अर्ज नव्हेत. तो एकच अर्ज होय.

गणिताने हे अधिक स्पष्ट होते. समजा, तीन ठिकाणी प्रवेश मिळण्याची शक्यता प्रत्येकी निम्मी आहे. तिन्ही निर्णय परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर तिन्हीकडून नकार येण्याची शक्यता आठात एक, म्हणजे १२.५ टक्के. परंतु तिन्ही निर्णय एकाच गुणवत्ता यादीवरून होणार असतील आणि तिन्ही महाविद्यालयांची मागणी सारखीच असेल, तर एकाने नाकारलेल्या विद्यार्थ्याला उरलेली दोनही बहुधा नाकारतात. नकाराची शक्यता मग निम्म्याच्या आसपासच राहते.

महाराष्ट्रातील स्थिती या दृष्टीने पाहावी. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील चारही कृषी विद्यापीठांची घटक महाविद्यालये आणि त्यांना संलग्न असलेली खाजगी महाविद्यालये यांतील पदवी प्रवेश राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून होतात. विद्यार्थी एक नोंदणी करतो आणि महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरतो. येथे ‘किती’ या प्रश्नाला फारसे मोल उरत नाही, कारण यादीत आणखी एक नाव लिहिण्याचा खर्च जवळपास शून्य आहे. यादी लांबच करावी. मागील वर्षांच्या शेवटच्या गुणांकडे पाहून, आपल्या गुणांच्या बरीच खाली बंद होणारी काही महाविद्यालयेही तिच्यात असावीत. पसंतीक्रम चारच नावांवर थांबवून नंतर रिकाम्या जागांच्या फेरीची वाट पाहणे, यात शहाणपण नाही.

मोल उरते ते क्रमाला, आणि नेमक्या याच ठिकाणी पालक घाबरतात. मोठ्या मागणीचे महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर लिहिले तर ‘क्रमांक वाया जाईल’ आणि खालचेही हातचे जाईल, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती चुकीची आहे. गुणवत्ता क्रमानुसार जागावाटप होते तेव्हा विद्यार्थ्याचा क्रम आला की त्याची यादी वरून खाली वाचली जाते आणि शिल्लक असलेली पहिली जागा त्याला मिळते. वरचे नाव मिळाले नाही म्हणून खालच्या नावावरील त्याचा हक्क कमी होत नाही. उलट, भीतीपोटी ‘नक्की मिळणारे’ महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर लिहिले, तर ते मिळते आणि अशा प्रक्रियांत पहिल्या पसंतीची जागा बहुधा स्वीकारावीच लागते. आपल्याला खरोखर जे हवे, त्याच क्रमाने यादी लिहावी. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपली यांनी १९६२ मध्ये महाविद्यालयीन प्रवेशांच्या गणितावर एक छोटासा शोधनिबंध लिहिला. त्यातून वाढलेल्या विचारासाठी शॅपली यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. वर्गाच्या खिडकीवर लावलेल्या याद्यांमागे एवढे गंभीर शास्त्र आहे, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

यादी प्रामाणिक असावी, याला दुसरीही बाजू आहे. घरात ज्या गावी मुलीला पाठवायचेच नाही असे ठरले आहे, त्या गावचे नाव केवळ संख्या वाढवण्यासाठी लिहू नये. जागा तिथेच मिळते, घरचे नकार देतात, आणि त्या फेरीपुरता विद्यार्थिनीचा मार्ग बंद होतो. मात्र ‘लांब आहे’ हे कारण मुलाच्या बाबतीत उच्चारलेही जात नाही आणि मुलीची यादी त्यापायी चार नावांवर येते, हेही येथे नोंदवणे भाग आहे. वसतिगृह आहे का, हा प्रश्न रास्त आहे. अंतर किती, हा प्रश्न चार वर्षांच्या पदवीच्या मानाने किरकोळ आहे.

मग स्वतंत्र अर्ज कोणते? पहिला आणि सर्वांत दुर्लक्षित मार्ग भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या अखिल भारतीय कोट्याचा. देशभरातील राज्य कृषी विद्यापीठांतील पदवीच्या जागांचा ठरावीक हिस्सा परिषदेमार्फत भरला जातो आणि त्यासाठी आता सीयूईटी ही परीक्षा द्यावी लागते. विषयगट परिषदेच्या अटींप्रमाणे निवडावा लागतो, आणि परीक्षा दिल्यानंतर परिषदेच्या समुपदेशनासाठी वेगळी नोंदणी करावी लागते. ही दुसरी नोंदणी राहून गेल्यामुळे चांगले गुण व्यर्थ जातात. या मार्गाने परराज्यात शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय प्रतिभा शिष्यवृत्तीही आहे. राज्याची सीईटी आणि सीयूईटी देणारा विद्यार्थी एकच असल्याने दोन्ही निकाल पूर्णतः स्वतंत्र नसतात, हे मान्य. परंतु एका परीक्षेच्या दिवशी ताप भरला, तर दुसरी शाबूत राहते. एका यादीत आपला प्रवर्ग खाली घसरला, तर दुसऱ्या यादीत त्याचे चित्र वेगळे असू शकते. शेताचा हा खरोखरीचा दुसरा कोपरा.

अडचण एवढीच की या दोन्ही परीक्षांचे अर्ज बारावीच्या परीक्षेच्या आसपास, निकालाच्या कितीतरी आधी भरावे लागतात. जूनमधील बैठकीत ‘किती अर्ज’ हा प्रश्न येतो तेव्हा निर्णयाचा मोठा भाग होऊन गेलेला असतो. उरतो तो केवळ पसंतीक्रम. विस्तार कार्यकर्त्यांनी हा विषय रब्बीच्या बैठकांत, हरभऱ्यावरील घाटेअळीच्या सोबतीने काढावा, असा माझा आग्रह आहे.

दुसरा मार्ग अभ्यासक्रमाचा. उद्यानविद्या, वनविद्या, मत्स्यशास्त्र, अन्नतंत्रज्ञान, कृषी अभियांत्रिकी यांची मागणी कृषी पदवीपेक्षा निराळ्या प्रमाणात असते. आवड असेल तरच हे विकल्प भरावेत. तसे असेल तर मात्र एकाच अभ्यासक्रमाची आणखी पाच महाविद्यालये लिहिण्यापेक्षा यांचा उपयोग अधिक.

तिसरा मार्ग खाजगी विद्यापीठांचा. येथे प्रत्येक अर्जाला स्वतंत्र शुल्क, कधी स्वतंत्र परीक्षा, प्रवास आणि जागा राखण्यासाठी आगाऊ भरणा असतो, त्यामुळे मोजून वागावे लागते. १९५९ मध्ये स्टर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्थिक नुकसान पातळीची संकल्पना मांडली. वाचणारे उत्पन्न उपायाच्या खर्चाहून अधिक असेल तेव्हाच उपाय करावा, हे तिचे सार आपण शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. तोच हिशेब येथे लावावा. पहिले दोन मार्ग नीट हाताळलेल्या कुटुंबाला असा एखादा, फार तर दोन अर्ज पुरेसे आहेत. पाचव्या अर्जाने संधी नाममात्र वाढते, खर्च मात्र पहिल्याइतकाच येतो. आणि त्या एक-दोन अर्जांपूर्वी विद्यापीठाला परिषदेची अधिस्वीकृती आहे की नाही हे तपासलेच पाहिजे. पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी हा मुद्दा आडवा येतो आणि तेव्हा चार वर्षे मागे जाता येत नाही.

आणखी एक कोपरा असा आहे की त्याला कीड लागली, तर राज्यातील प्रक्रियेची संपूर्ण यादीच धोक्यात येते : कागदपत्रे. जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर, अधिवास प्रमाणपत्र आणि शेतीचा ७/१२ उतारा. ४० महाविद्यालयांची यादी आणि वैधता प्रमाणपत्र समितीकडे प्रलंबित, अशी अवस्था असेल तर राखीव जागेच्या हिशेबात त्या ४० नावांना अर्थ राहत नाही. वैधतेचा प्रस्ताव अकरावीतच दाखल करावा.

क्रम लावताना महाविद्यालयाची पारख कशी करावी, यासाठी पुस्तिकेहून चांगला स्रोत गावातच असतो. खरिपात अनेक गावांत ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी चौथ्या वर्षाचे कृषिदूत आणि कृषिकन्या मुक्कामाला येतात. आपण त्यांच्याकडून माती परीक्षण आणि निंबोळी अर्काची प्रात्यक्षिके करून घेतो. यंदा ज्यांच्या घरी अकरावी-बारावीची मुले आहेत, त्यांनी या विद्यार्थ्यांना जेवायला बोलवावे आणि सरळ विचारावे : प्राध्यापकांची पदे भरलेली आहेत का, प्रात्यक्षिके खरोखर प्रक्षेत्रावर होतात की वहीत, वसतिगृहात पाणी असते का. माझा पक्षपाती प्रश्न असा की कीटकसंग्रह तुम्ही स्वतः जाळी घेऊन केला की वरच्या वर्गाकडून विकत घेतला. याचे उत्तर देताना विद्यार्थी हसले, तर त्या महाविद्यालयाचे नाव यादीत ठेवावे, पण दोन ओळी खाली.